सोरायसिस : दोष रक्तात नाही

कर्जत-खालापूर भागात सोरायसिसच्या रुग्णाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "डॉक्टर, रक्त खराब झालंय का?" तोवर रक्तशुद्धीच्या पुड्या घेऊन झालेल्या असतात. माझं स्पष्ट मत आहे, की 'रक्त खराब' ही समजूत रुग्णाचं आजाराइतकंच नुकसान करते.

मग बिघडतं काय? त्वचेच्या सगळ्यात खालच्या थरात नव्या पेशी तयार होतात, हळूहळू वर येतात आणि झडून जातात. या प्रवासाला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये तो तीन ते सात दिवसांत उरकतो. कच्च्या पेशींचे थर साचतात, त्याच या चंदेरी खपल्या.

ही घाई लावते आपलीच प्रतिकारशक्ती. टी-पेशी खरं तर जंतूंशी लढण्यासाठी असतात. इथे त्या शत्रू नसतानाही चेतलेल्या राहतात आणि इंटरल्युकिन-१७, टीएनएफ अशी रसायनं सोडतात. त्यामुळे त्वचेच्या पेशी भराभर वाढतात आणि उलट टी-पेशींनाच आणखी बोलावतात. असं हे चक्र चालू राहतं. ही प्रवृत्ती बऱ्याच अंशी जनुकांतून येते. घशाचा संसर्ग, ताण, दारू, धूम्रपान, रक्तदाबाच्या काही गोळ्या हे निमित्त ठरतात.

म्हणजे हा संसर्ग नव्हे. एका ताटात जेवल्याने किंवा लोकलमध्ये शेजारी बसल्याने तो कुणाला होत नाही.

'मुळापासून बरा करतो' म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. अशा काही औषधांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. आधी झटकन आराम पडतो. औषध थांबलं की आजार उसळतो, कधी अंगभर लाली येते, कधी पूभरले फोड येतात.

सोरायसिस कायमचा जात नाही, पण ताब्यात नक्की राहतो. मलमं आहेत, प्रकाशोपचार आहे, मेथोट्रेक्सेट आहे (ही गोळी आठवड्यातून एकदाच, रोज घेतल्यास जिवावर बेतू शकतं). इंटरल्युकिन-१७ लाच अडवणारी इंजेक्शनंही आहेत, पण ती महाग आहेत. सकाळी बोटं आखडत असतील किंवा सांधे सुजत असतील तर लगेच सांगा, कारण हा आजार सांध्यांतही उतरतो.

त्वचारोगतज्ज्ञांना एकदा दाखवाच. मुंबईत केईएम, सायन आणि जे. जे. या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत, आणि कर्जतहून लोकल थेट जाते. पुड्यांवर जाणारा पैसा त्या तिकिटावर खर्च करा.