सोशिकता नव्हे, क्षमा

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची थोरवी मराठी समीक्षेने कधीच नाकारली नाही. तिने दृष्टीआड केला तो या ग्रंथाचा ख्रिस्ती आशय. विनोद, निरागस कथन, घरगुती भाषेचा गोडवा यांवर पानेच्या पाने खर्ची पडली. पतीने केलेला अन्याय आणि पत्नीने दिलेली क्षमा यांचा प्रश्न आला, की आमचे समीक्षक 'सोशिकता' हा शब्द पुढे करून मोकळे होतात.

हा शब्द मला सर्वथा अमान्य आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो पत्नीला अंधारात ठेवून. पुढची काही वर्षे लक्ष्मीबाईंनी त्यांच्यापासून दूर काढली. सोशिक स्त्री अन्याय गिळते; लक्ष्मीबाईंनी तो लिहून ठेवला. टिळकांचा संताप, लहरीपणा, संसाराविषयीची बेफिकिरी, यांतले काहीही त्यांनी झाकलेले नाही. संस्कृतात 'क्षमा' म्हणजे पृथ्वीही, सारे निमूटपणे वाहणारी. समीक्षकांच्या कानांत बहुधा तोच अर्थ घुमत असावा! मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत मात्र भाषा ऋणाची आहे, आणि ऋण सोडायचे तर ते आधी वहीत मांडलेले असावे लागते. 'स्मृतिचित्रे' ही अशी वही आहे.

दुसरी गल्लत याहून मोठी. पतीकडे परतल्या म्हणून लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या, हा समज अजून टिकून आहे. वस्तुतः परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते. जातिभेद मनुष्यकृत आहे, या निष्कर्षाप्रत त्या स्वतःच्या विचाराने आल्या आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परतणे हा संसारातील समेट होता. क्षमा उतरली ती कितीतरी वर्षांनी, १९३४पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या या लेखनात, श्रद्धेचा आधार लाभल्यानंतर.

अनुवादांची शीर्षकेही हा समज पोसतात. १९५०च्या इंग्रजी अनुवादाचे नाव 'आय फॉलो आफ्टर'. वाचक ते पतीमागून जाणे समजतो. हेच शब्द जुन्या इंग्रजी बायबलात, पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात आहेत; तेथे पाठलाग आहे तो ख्रिस्ताने दाखविलेल्या ध्येयाचा. २०१७च्या अनुवादाच्या उपशीर्षकातही पुन्हा पत्नीच आहे, तेजस्वी असली तरी.

टिळक १९१९ मध्ये वारले. त्यांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ज्या श्रद्धेपायी त्यांचे घर मोडले होते, तिचेच हे महाकाव्य. त्यालाही पतिसेवा म्हणणाऱ्यांनी ते एकदा उघडून तरी पाहावे.