तेलाचे हात आणि वर्षाचा हिशेब

बाळंतिणीच्या अंगाला तेल लावणे आणि तान्ह्या बाळाला न्हाऊ घालणे ही विद्या आपल्या खेड्यांत आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे चालत आली आहे. खानापूरच्या बाजूस आणि गोव्याच्या सीमेवर अशा भगिनी आढळतात, ज्या पहाटे दोन घरची मालिश आटोपून मग काजूच्या कारखान्यात अथवा दुसऱ्याच्या शेतावर मजुरीस जातात. हातास यश येते, शेजारच्या वाडीतून बोलावणी येऊ लागतात, आणि घरात प्रश्न उभा राहतो: मजुरी सोडून हाच धंदा पूर्ण वेळ पत्करावा काय? ज्या कुटुंबांपुढे हा प्रश्न आहे, त्यांच्यासाठी आजचे हे चार शब्द.

प्रथम एक संकोच दूर करू. सेवेचे मोल मागू नये, असे पुष्कळ सज्जनांस वाटते. म्हणूनच मालिशवाल्या बाईच्या हातावर लुगडे अन् नारळ ठेवून तिची बोळवण करण्याची रीत पडली. परंतु प्रभूच्या दाखल्यातील दयाळू शोमरोनी आठवावा. त्याने जखमी वाटसरूच्या जखमांवर तेल ओतले, आणि पुढील शुश्रूषेसाठी उतारशाळेच्या रखवालदारास रोख दोन दीनार दिले. शुश्रूषा करणारा आणि मोल घेऊन शुश्रूषा चालविणारा, दोघेही त्या एकाच सत्कृत्यात सामील आहेत. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या परिपत्रकात कामकऱ्याला त्याचा निर्वाह होईल एवढे वेतन मिळावे, असे बजावले; ते बाळंतिणीच्या न्हाणीत राबणाऱ्या बाईसही लागू आहे. दर आधी सांगावा, आणि तो सांगताना मान खाली घालू नये. गरिबाच्या घरी सूट द्यावयाची ती स्वखुशीने द्यावी.

आता हिशेब. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्च मोजावा, असे प्रभू सांगतो. या धंद्यात चूक होते ती अशी की, भरभराटीचा एक महिना पाहून वर्षाची कमाई ठरविली जाते. बाळंतिणीचे काम सव्वा महिन्याचे, म्हणजे सुमारे ४० दिवसांचे. घरची माणसे कितीही संतुष्ट असोत, मुदत भरली की काम संपते. रोज चार घरे हवीत म्हटले, तर वर्षात ४० दिवसांच्या नऊ पाळ्या होतात. नऊ चोक छत्तीस, म्हणजे वर्षाला ३६ बाळंतिणी हव्यात. दोन हजार वस्तीच्या गावात हजारी १५ जन्म धरले, तर वर्षात ३० बाळे होतात. त्यांपैकी कित्येक घरी आजीच हे काम करणार. तेव्हा एका गावावर हा धंदा पूर्ण वेळ उभा राहात नाही. दोन-तीन गावे तरी जोडावी लागतात, नाही तर गुडघ्यांनी व खांद्यांनी आखडलेल्या वृद्धांची बारमाही मालिश पत्करावी लागते. बाळंतिणी येतात आणि जातात. वृद्धांची घरे टिकतात.

दुसरा हिशेब हातांचा. सुतार करवत बदलू शकतो. या धंद्याचे भांडवल म्हणजे अंगठा, मनगट आणि कंबर, आणि ते बाजारात मिळत नाही. चार घरांचे सहा घरे केले की उत्पन्न दीडपट होते हे खरे. पण वर्षभरात अंगठ्याचा सांधा दुखू लागला तर सहाचे शून्य होते. म्हणून जोर अंगठ्याने न देता तळहाताने व अंगाच्या भाराने द्यावा, जमिनीवर वाकून काम करण्याऐवजी उंच बाकड्याची सोय करून घ्यावी, आणि दोन घरांच्या मध्ये विसावा ठेवावा.

पूर्ण वेळ काम करणारीस 'नाही' म्हणणेही आले पाहिजे. बाळंतिणीची एकच पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, तर ती मुळीच चोळू नये. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेल्यास जीव जातो. तिला त्याच दिवशी डॉक्टरकडे धाडावे. ताप असता मालिश नको. पोटावर शस्त्रक्रिया झाली असल्यास डॉक्टरांच्या अनुमतीवाचून पोटास हात लावू नये. बाळाच्या नाकाकानांत तेल सोडू नये, टाळू दाबू नये, नाळ गळेपर्यंत बेंबीस तेल लावू नये. एका दिवसाचा मेहनताना बुडाला तरी चालेल. विश्वास बुडता कामा नये.

कारखान्यातील नोकरी सोडताना तिच्याबरोबर काय जाते, तेही मोजावे. भविष्यनिर्वाह निधी व ई.एस.आय. मिळत असेल तर तो आधार सुटतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ मध्ये सुरू झाली. २०२२ पासून तिचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे, आणि अपघाती मृत्यू आल्यास अथवा दोन्ही हात निकामी झाल्यास तीत दोन लाख रुपये मिळतात. बँकेत खाते असलेल्या भगिनीने ती घेतल्यावाचून राहू नये. शिवाय सहा महिन्यांचा घरखर्च गाठीस बांधल्यावाचून नोकरीचा राजीनामा देऊ नये. शक्य असल्यास आधी अर्धा दिवस सोडावा, एक वर्ष वहीत जमाखर्च लिहावा, आणि त्या वर्षातील सर्वांत वाईट तीन महिन्यांत चूल पेटती राहिली तरच उरलेला अर्धा दिवस सोडावा.

रविवारचे काय? बाळाला रोज न्हाऊ घालणे आलेच. तथापि प्रत्येक घरच्या आजीस वा मावशीस पहिल्याच आठवड्यात हे काम शिकवून ठेवावे, म्हणजे रविवारी मिस्साही चुकत नाही आणि हातांसही विश्रांती मिळते.

शेवटी घरच्या पुरुषमंडळींस एक शब्द. बाई पहाटे चारला उठून परघरची चूल आणि न्हाणी सांभाळणार, तर आपल्या घरची चूल कोणी पेटवावी, हाही त्या हिशेबातलाच एक आकडा आहे. तो वहीत मांडल्याशिवाय बेरीज जुळणार नाही.