सोनेच झाले कसोटी

बँकेत सोनेतारण कर्जाच्या वेळी सराफ दागिना कसोटीच्या दगडावर घासायचा आणि आम्ही अधिकारी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत बसायचो. सोन्याची पारख दगडाने करायची, हा रिवाज. आता सोनेच पारख करते, आणि त्याचा हाच उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

मायकेल फॅरडेने १८५७ साली लंडनमध्ये दाखवून दिले, की सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विखुरले तर पाणी माणकासारखे लाल दिसते. प्रकाश पडताच कणांतले इलेक्ट्रॉन एकदम हेलकावतात, हिरवा प्रकाश गिळला जातो, लाल तेवढा आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. कोविडच्या अनेक चाचणीपट्ट्यांवरची लाल रेघ अशाच कणांची. त्यांना प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. विषाणूचे प्रथिन गवसले की कण रेघेवर अडकून जमतात. यंत्र नको, वीज नको. (प्रथिन फारच थोडे असेल तर रेघ उमटत नाही, तेवढ्यावर विसंबून अंगात ताप असताना लग्नाला जाऊ नये!)

पट्टीतले सोने इतके थोडे, की सराफ ते तोलायलाही घेणार नाही. लॉकरमधल्या पाटल्यांपेक्षा ते अधिक कामाचे, असे घरात म्हटले तर चार शब्द ऐकून घ्यावे लागतात. पण खेड्यातल्या आरोग्य उपकेंद्रात अशा पट्ट्या संपलेल्या असणे मला दागिना हरवण्यापेक्षा गंभीर वाटते.