गंज, साचे आणि दुरुस्तीचा हक्क

ब्रिटनमध्ये एमजीबी या जुन्या स्पोर्ट्‌स मोटारी घरच्या गॅरेजमध्ये दुरुस्त करणारे हौशी लोक आहेत. १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. या गाडीला स्वतंत्र चासी नाही. पत्र्याची बॉडीच सारा भार पेलते. साहजिकच दारांखालच्या पोकळ पट्ट्या आतून गंजल्या, की वरची रंगरंगोटी व्यर्थ ठरते. गंजका पत्रा कापून नवा जोडावाच लागतो.

हिशेबी माणूस याला वेडेपणा म्हणेल. मजुरीचे तास धरले, तर खर्च पुष्कळदा गाडीच्या किमतीहून अधिक भरतो. आक्षेप खरा आहे, पण अपुरा. ज्या तासांत हाताला कौशल्य येते, त्यांना निव्वळ खर्च मानणे हा जमाखर्च झाला, अर्थशास्त्र नव्हे.

मात्र केवळ हौसेने पत्रा मिळत नाही. अ‍ॅबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद पडला. तरीही मूळ साचे शोधून जमवले गेले, म्हणूनच १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी नवी बॉडी बाजारात आणू शकली. साचे मोडीत गेले असते, तर कितीतरी गाड्या त्यांच्यामागोमाग गेल्या असत्या.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये काही घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारा निर्देश संमत केला. याच्याही पुढे जावयास हवे. उत्पादन थांबविणाऱ्याने साचे व आराखडे नष्ट न करता दुरुस्ती करणाऱ्यांच्या हाती सोपवावेत. वस्तू निकामी ठरते ती नेहमी गंजामुळेच नव्हे; अनेकदा सुटा भाग न मिळाल्यामुळे.