केकवरची रंगीत साखर : सुटी पुडी नकोच!

वाढदिवसाचा केक असो की नाताळची बिस्किटे, वर चमचाभर रंगीत साखर भुरभुरली की मुले खूश. पण तो रंग कोणता, हे आपण विचारतो का?

नियम काय?
भारतात खाद्यपदार्थांत आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे, तीही ठरलेल्या प्रमाणात. कापड रंगवण्याचा ऱ्होडामाइन-बी त्यात नाही. तो 'बुढ्ढी के बाल'मध्ये सापडल्याने तामिळनाडूने २०२४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. म्हणूनच रंगाचे नाव आणि १४ अंकी परवाना क्रमांक नसलेली सुटी पुडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असे आमचे मत.

घरी कशी कराल?
अर्धी वाटी जाड साखर आणि खाद्यरंगाचे दोन थेंब पिशवीत घालून चोळा, ताटात पसरून वाळवा. नानकटाईवर भाजण्याआधी पेरली तरी जाड दाणा सहसा टिकतो. बिटाचा रस वापरलात, तर रंग उष्णतेने उतरतो; ती साखर भाजून झाल्यावर ओल्या आयसिंगवर पेरा.

रंग थोडा फिका येईल. येऊ द्या. मुलांच्या पोटात काय जाते, हे तरी आपल्याला ठाऊक असेल.