‘लागू पडते’ म्हणजे कोणत्या तपासणीने?

परवा एका रुग्णाचा मुलगा रिपोर्ट घेऊन आला. वडील अतिदक्षता विभागात. ‘डॉक्टर, फक्त कोलिस्टिन लागू पडतंय. वाचतील ना?’ रिपोर्टवर पद्धत नव्हती. प्रयोगशाळेला फोन केला, तर उत्तर आले, ‘चकती.’

कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतले प्रतिजैविक. मूत्रपिंडाला इजा करू शकणारे. नेहमीच्या तपासणीत औषधाची कागदी चकती जंतूंच्या थाळीत ठेवतात. पण कोलिस्टिनचा रेणू मोठा, तो अगारमध्ये नीट पसरत नाही. त्यामुळे औषधाला दाद न देणारा जंतूही ‘लागू’च्या रकान्यात जाऊ शकतो. म्हणूनच २०१६ मध्ये अमेरिकेच्या सीएलएसआय व युरोपच्या युकास्ट या संस्थांनी ब्रॉथ मायक्रोडायल्युशन ही प्रमाण पद्धत ठरवली. तीत द्रवात औषधाची मात्रा निम्म्या-निम्म्याने घटवत जंतूची वाढ पाहतात.

ती खर्चिक, हे मान्य. पण त्याच चकत्या थाळीऐवजी द्रवाच्या नळ्यांत टाकून करायची स्वस्त तपासणीही सीएलएसआयने काही जंतूंसाठी मान्य केली आहे. मग सबब कशाला?

रिपोर्टवर पद्धत छापलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. वाचकहो, औषध आपल्या मनाने थांबवू नका. पण ‘तपासणी कोणत्या पद्धतीने केली?’ एवढे डॉक्टरांना जरूर विचारा.