दस्तुर कोणाचा?

जुन्या मराठी कागदांच्या शेवटी पुष्कळदा पाटलाच्या सहीऐवजी नांगराची निशाणी आढळते. पाटलास लिहिता येत नसे. पण कागद त्याचाच, याविषयी कोणास संशय नसे. आणि प्रत्यक्ष लेखणी चालविणाऱ्याचे नाव ‘दस्तुर’ या शब्दापुढे निमूटपणे येऊन बसे. स्वहस्ते लिहिणारा तेवढा ‘दस्तुरखुद्द’. बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा, यात लपविण्याजोगे काही आहे असे त्या व्यवहारास वाटत नव्हते. शके १२१२ मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस तर सच्चिदानंदबाबांनी लेखकाचे काम आदराने केल्याचा उल्लेख ग्रंथातच आहे. त्यामुळे ज्ञानेश्वरांचे काही उणे झाले नाही.

गोंदिया जिल्ह्यातील तहसील कचेरीपुढे बसणारा अर्जनवीस हा त्याच परंपरेतला. दुसऱ्याचे गाऱ्हाणे तो आपल्या शब्दांत मांडतो आणि त्याचे ठरलेले पैसे घेतो. निरक्षर माणसाच्या प्रतिज्ञापत्रावर तर मजकूर त्यास वाचून व समजावून दिल्याची नोंद करावी लागते. सात-बाऱ्याच्या तंट्यात पाळली जाणारी ही शिस्त प्रतिष्ठितांच्या आत्मचरित्रात, अमृतमहोत्सवी गौरवग्रंथात आणि पदवीसाठी सादर होणाऱ्या प्रबंधात मात्र लोप पावते. तेथे लिहिणारा हात दिसता कामा नये, अशीच बोली असते. इंग्रजीत अशा लेखकास ‘घोस्ट रायटर’, म्हणजे भूतलेखक म्हणतात. भूत म्हटल्यावर ते कधीतरी मानगुटीस बसणार, हे ओघानेच आले.

हा हात बहुधा कोणाचा असतो? मराठी बरे लिहिणारा शाळेतील शिक्षक, टिपणीत वाकबगार असलेला कार्यालयातील लिपिक, नोकरीच्या प्रतीक्षेत असलेला पदवीधर. संस्थेच्या चालकाचे आत्मवृत्त शिक्षकाने लिहावे यात वावगे काही नाही. पण ज्याच्या हाती आपली नोकरी, त्याला ‘माझे नाव घालाल काय?’ असे विचारण्याची सोय उरत नाही. मोबदलाही ठरत नाही. ‘तुमचे बघू’ एवढ्यावर काम सुरू होते. पुढे प्रकाशनसमारंभात लिहिणारा मागच्या रांगेत बसतो आणि व्यासपीठावरून भाषाशैलीची वाखाणणी होते. भांडणाचे बीज पुष्कळदा पैशात नसते, त्या वाखाणणीत असते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सांगणारा आपले आयुष्य परक्याच्या वहीत रिकामे करीत असतो. भावाशी झालेला तंटा, न फिटलेले कर्ज, कोणाचा केलेला विश्वासघात, हे तो एका भरवशावर सांगतो. तो भरवसा मोडण्याचे बळ लिहिणाऱ्याकडे असते. काही न फोडताही तो मोडता येतो. नको तेथे विशेषणे पेरली, साध्या माणसाच्या तोंडी तत्त्वज्ञान घातले, की सांगणारा स्वतःच्याच पुस्तकात परका होतो. हंसा वाडकर यांची कहाणी अरुण साधू यांनी ऐकून शब्दबद्ध केली आणि १९७० मध्ये ती ‘सांगत्ये ऐका’ या नावाने पुस्तकरूपाने आली. शीर्षकातच सांगणे आणि ऐकणे आहे. त्या स्त्रीने स्वतःस मुळीच सोडलेले नाही. आणि ऐकणाऱ्याने तिच्यावर सोवळेपणाचा मुलामा चढविला नाही. विश्वास फळास येतो तो असा.

लपविण्याची किंमत किती काळ मोजावी लागते, हे अमेरिकेत दिसले. जॉन केनेडी यांच्या ‘प्रोफाइल्स इन करेज’ या पुस्तकास १९५७ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी एका पत्रकाराने दूरचित्रवाणीवर ते दुसऱ्याने लिहिल्याचा आरोप केला आणि वाहिनीला माघार घ्यावी लागली. केनेडींचे सहायक थिओडोर सोरेन्सन पन्नास वर्षे आपल्या धन्याची बाजू राखून बोलत राहिले. २००८ च्या आत्मकथनात मात्र बहुतेक प्रकरणांचा पहिला मसुदा आपण केल्याचे त्यांनी लिहिले. निष्ठा मोठी खरी, पण वाचकास अर्धशतक अंधारात ठेवणाऱ्या निष्ठेचे कौतुक कितपत करावे?

कायदा याबाबत अनेकांच्या समजुतीहून वेगळा आहे. इंग्लंडमध्ये १९३०-४० च्या दशकात स्टीव्ह डोनोह्यू या घोडेस्वाराच्या आठवणी एका पत्रकाराने लिहिल्या होत्या. प्रसंग माझे असले तरी हक्क माझा नाही काय, हा डोनोह्यूचा प्रश्न १९३७-३८ च्या सुमारास न्यायालयापुढे आला. शब्दरचना ज्याची, लेखक तोच, असा निर्णय झाला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही हक्काचे हस्तांतर लेखी व सहीनिशी झाल्यावाचून ग्राह्य नाही, आणि हक्क दिल्यावरही लेखकपण सांगण्याचा अधिकार कलम ५७ अन्वये लेखकाकडेच राहतो. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा हक्क सामान्यतः मालकाकडे जातो; पण शिक्षकाची नेमणूक चालकाचे चरित्र लिहिण्यासाठी झालेली नसते. तेव्हा ‘तुमचे बघू’ हा करार दोघांसही घातक आहे.

गोंदियापुरता आणखी एक पेच आहे, तो भाषेचा. झाडीपट्टीतील वृद्ध आपले आयुष्य झाडीबोलीत सांगतो. कोणी पोवारीत, कोणी गोंडीत. लिहिणारा ते पुणेरी पुस्तकी मराठीत उतरवितो आणि त्यास ‘शुद्ध करणे’ म्हणतो. मग कागदावरची निशाणी तेवढी त्या वृद्धाची उरते. मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांधचे जंगल लिहिले तेव्हा त्यांना अरण्यविद्या देणारे माधवराव पाटील डोंगरवार नाव आणि गाव घेऊन पुस्तकात वावरले. येथे ज्ञान सांगणाऱ्याचे आणि पुस्तक लिहिणाऱ्याचे, म्हणजे प्रकार उलटा; तरी प्रामाणिकपणा तोच.

या साऱ्याहून गंभीर प्रकार प्रबंधांचा. आत्मचरित्रात निदान आयुष्य तरी स्वतःचे असते. विकत घेतलेल्या प्रबंधात ते ज्ञानही परक्याचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत साधर्म्याच्या टक्केवारीवर शिक्षेच्या पायऱ्या ठरविल्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, साठ टक्क्यांवर नोंदणीच रद्द. परंतु संगणक पकडतो ती नक्कल. पैसे देऊन लिहून घेतलेला नवा कोरा प्रबंध त्या चाळणीतून अलगद खाली उतरतो. तो पकडण्यास यंत्राची गरजही नाही. मार्गदर्शकाने विद्यार्थ्यास समोर बसवून एखादे पान उघडावे आणि हेच वाक्य येथे का, एवढेच विचारावे. पाव तासात उलगडा होतो. तो पाव तास काढला जात नाही, कारण मार्गदर्शकाच्या नावावरही पूर्ण झालेल्या प्रबंधांची संख्या चढत असते.